तापी उतरून आलेला खानदेश

सुरतेच्या लिंबायतमध्ये पूर्वी कुणाला गाव विचारलं की आधी स्टेशनचं नाव यायचं. दोंडाईचा. नरडाणा. अमळनेर. नंदुरबार. मग खरं गाव, मग आडनाव, मग भाऊबंदकी, आणि दोन-तीन प्रश्नांत कुठली ना कुठली सोयरीक निघायचीच. सुरत-भुसावळ रेल्वेचा नकाशा आमच्या गल्ल्यांमध्ये घराघरांवर उतरला होता. एका ओळीत शिंदखेडा तालुक्यातली घरं, तिच्या मागे अमळनेर-पारोळ्याकडची, मिठी खाडीच्या अंगाला साक्री-नवापूरकडची. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. आधी आलेल्याच्या शेजारची रूम रिकामी झाली की तो गावी निरोप धाडायचा आणि पुढच्या आठवड्यात पत्र्याची पेटी घेऊन कुणीतरी उधना स्टेशनवर उतरायचं.

आज त्याच गल्लीतल्या पोराला गाव विचारलं तर तो 'लिंबायत' म्हणतो आणि त्यापुढे काही सांगायचं असतं हे त्याला सुचतही नाही. मी भूगोल शिकवते, त्यामुळे या एका उत्तराशी मी बराच वेळ थांबते. स्थलांतर, संस्कृतीचं प्रसरण, अंतराचा प्रभाव, सांस्कृतिक भूदृश्य हे धडे शिकवताना पुस्तकातली उदाहरणं परदेशातली असतात. माझ्यासाठी त्या प्रत्येक धड्याला नीलगिरी सर्कलच्या आसपासचं एखादं घर आहे.

रेव्हनस्टाइन नावाचा जर्मनीत जन्मलेला नकाशाकार इंग्लंडमध्ये काम करत होता. त्याने 1885 साली ब्रिटिश जनगणनेचे आकडे चाळून स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच्या जवळ सरकतात, टप्प्याटप्प्याने सरकतात, आणि प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो, असं त्याचं म्हणणं. खानदेश त्याने पाहिला नव्हता, तरी आमची हकिगत त्यात बसते. शिंदखेड्याहून मुंबई लांब आणि सुरत जवळ. तापी व्हॅली रेल्वे 1900 च्या सुमारास झाली ती कापसासाठी. पुढे त्याच रुळांवरून कापूस पिकवणारी माणसं निघाली. गाडी बदलायची नाही, नवापूर ओलांडलं की गुजरात. नवापूरचं स्टेशन तर दोन राज्यांच्या हद्दीवरच उभं आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली, पण पॅसेंजरमध्ये बसलेल्या माणसाला त्या रेषेचा धक्का कधी जाणवला नाही.

टप्प्यांचंही तसंच. अनेक घरांची पहिली वाट सुरतेची नव्हती, बारडोलीची होती. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं, पालात राहायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या फडांवर राबणाऱ्या या खानदेशी टोळ्यांवर यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात फडात हिंडून लिहिलं आहे, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. उसाच्या फडातून सुरतेच्या लूमवर जाणं ही आमच्या लोकांना बढती वाटायची. 1972 च्या दुष्काळाने ज्यांचं गावात उरलेलं थोडंबहुतही गेलं, त्यांनी तर बारडोलीचा टप्पाही गाळला आणि थेट उधना गाठलं. 1961 साली तीन लाखांच्याही आतलं सुरत 2011 च्या जनगणनेत 44 लाखांच्या वर गेलं. ओडिया, तेलुगू, उत्तर भारतातले, सौराष्ट्रातले, सगळे त्यात आहेत. पण सर्वांत जवळून आले ते आम्ही.

तेव्हाची रूम आजच्या पोरांना नुसती सांगून समजत नाही. दहा बाय दहाची जागा, वर सिमेंटचे पत्रे, कोपऱ्यात मोरी, भिंतीला खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्यावर एकेकाचे कपडे. लूमची पाळी बारा तासांची. दिवसपाळीवाला सकाळी निघाला की रातपाळीवाला येऊन त्याच गोधडीवर पडायचा. गोधडी दिवसभर, रात्रभर गरमच. एका रूममध्ये राहणारी दोन सख्खी चुलतभावंडं आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नसत, कारण एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. टोर्स्टन हेगरस्ट्रँड या स्वीडिश भूगोलज्ञाने 1970 मध्ये असा विचार मांडला, की माणूस एका वेळी एकाच जागी असू शकतो आणि त्याच्या दिवसाची रेषा काळ आणि जागा या दोन्हींवर काढता येते. वर्गात मी ती आकृती फळ्यावर काढते. दोन रेषा, एक गोधडी, पाळी बदलताना दारात ओझरती भेट. मुलांना आकृती लगेच कळते, कारण त्यांचे आजोबा असेच जगलेले असतात.

लूमवरून आलेला माणूस मोठ्याने बोलायचा. सांच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाचे कान तसेही उरत नाहीत. आमच्या आप्पांचा आवाज गावी गेल्यावर लोकांना भांडल्यासारखा वाटे. कापसाच्या मुलखातला माणूस इथे पॉलिस्टरचे ताके विणत होता आणि मजुरी मीटरवर होती. धागा तुटून सांचा थांबला की त्याचे पैसे थांबले. आता ते सांचे गेले. वॉटरजेट, रेपियर आली, कारखाने सचिन, कीम, पिपोदऱ्याकडे सरकले. तेव्हा लिंबायतचा माणूस रूळ ओलांडून पायी कामाला जायचा, आता कंपनीच्या बसची वाट पाहतो.

या सगळ्यात एक गोष्ट नेहमी चुकीची सांगितली जाते आणि मला ती बोचते. 'पहिल्यांदा आजोबा आले, मग त्यांनी सगळ्यांना आणलं,' असं प्रत्येक घरात सांगतात. मी मुलांना गल्लीची पाहणी करायला लावते: कोण आलं, कुणाकडे उतरलं, ते घर मुळात कुणाचं. वह्या परत येतात तेव्हा चित्र वेगळंच निघतं. पुरुष उतरला होता मेहुण्याकडे. मामाकडे. मावशीच्या घरी. साखळीच्या कड्या बघाव्यात तर बायकोचा भाऊ, आईचा भाऊ, बहिणीचं सासर. भाऊबंदकीत शेताच्या बांधावरून बोलाचाली बंद असायच्या. सख्खा चुलता रूमवर ठेवून घेईलच असं नव्हतं. बहीण मात्र ठेवून घ्यायची. 'तठे मन्हा भाऊ शे, तू चाल,' असं गावी बायकोने नवऱ्याला म्हटलं आणि एक घर सुरतेला आलं. रेव्हनस्टाइननेही नोंदवलं होतं की जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा बायकाच जास्त हलतात. त्याच्या आकड्यांत त्या नोकरीला जाणाऱ्या मुली होत्या, आमच्याकडे सासरी जाणाऱ्या.

गुजरातेत मराठी संस्कृती वरूनही आली आहे, त्याचं उदाहरण वडोदरा. गायकवाडांचं राज्य, मराठी दरबार, मराठी कारभारी, मराठी ग्रंथ आणि नाटकं. राजवाड्यातून वाड्यांत, वाड्यांतून पेठांत असा तो झिरपत गेलेला प्रकार. भूगोलात त्याला श्रेणीबद्ध प्रसरण म्हणतात. सयाजीराव महाराज स्वतः मालेगावजवळच्या कवळाण्याचे, म्हणजे आमच्याच शेजारचे शेतकऱ्याचे पोर, 1875 मध्ये दत्तक होऊन गादीवर बसले. वडोदऱ्याच्या मराठीपणाबद्दल लिहिलं गेलं, अभिमानाने लिहिलं गेलं. लिंबायतची मराठी कुणाच्या आश्रयाने आली नाही. ती डोक्यावरच्या बोचक्यात खापर, पाटा आणि देव बांधून आली, आणि तिच्याबद्दल जवळजवळ कुणीच लिहिलं नाही.

त्या बोचक्यातला सर्वांत मोठा देव म्हणजे कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. गावी तो भाऊबंदांचा कुळाचार होता. शनिवारी रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू निवडायचे, घरात जितके पुरुष तितक्या सव्वा मुठी, पोटातलं बाळसुद्धा मोजायचं की नाही यावर म्हाताऱ्यांमध्ये वाद. ते गहू दळून त्यांच्या पुरणपोळ्या, सोबत खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याच्या हाती द्यायचा नाही. नारळाला डोळे, नथ, डोरलं; रात्रभर गाणी; सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीवर.

लिंबायतला हे पहिल्या वर्षांत कसं जमवलं असेल याचं मला अजून नवल वाटतं. पुरणपोळीसाठी खापर ठेवायला चूल हवी, इथे रॉकेलचा स्टो. मग दोन ओळींच्या मधल्या बोळात तीन विटा मांडून चूल केली जायची आणि आठ-दहा घरांचे मांडे एकाच चुलीवर. माय हातावर मांडा झेलत मोठा करायची, कोपरापर्यंत यायचा, आणि मग एका झोकात उलट्या खापरावर. खापर तापलंय का हे ती पाण्याचा शिंतोडा मारून बघायची. बोळाच्या तोंडाशी तेलुगू शेजारणी उभ्या राहून पाहायच्या. त्यांच्यापुढे रोट ठेवता येत नव्हता, म्हणून माय मुद्दाम वेगळ्या पिठाचे चार मांडे करून त्यांच्या घरी पाठवायची. नियम तिने मोडला नाही आणि शेजारही राखला. भाऊबंद सगळे सुरतेत नसायचे, रजा मिळायची नाही, तेव्हा पुरुषांच्या मुठी मोजताना गावी राहिलेल्यांचीही मूठ पडायची. गैरहजर माणसांचा गहू दळून खाल्ला जायचा.

आता लिंबायत-डिंडोलीत सोसायट्यांची सार्वजनिक कानबाई बसते. मंडप, रोषणाई, एकसारख्या साड्या नेसलेल्या बायका, मिरवणुकीत डीजे. गुजराती शेजारणी येऊन ओटी भरतात, हिंदी बोलणाऱ्या बायका फुगड्या घालतात. मला यातलं सगळं आवडत नाही. डीजेच्या भिंतीपुढे कानबाईची गाणी ऐकू येत नाहीत, आणि ती गाणी येणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. त्यांचा आवाज आजच टिपून ठेवायला हवा. पण कुळाचाराचा उत्सव झाला म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. गावी ज्या सुनेला भाऊबंदांच्या वादामुळे कानबाईपुढे मागे राहावं लागायचं, ती इथे मंडळाची प्रमुख असते. घरातला देव रस्त्यावर आला तेव्हा त्याच्याबरोबर बाईही रस्त्यावर आली. आणि विसर्जन होतं ते तापीतच. प्रकाशा, सारंगखेड्यावरून उकाईच्या धरणात अडून खाली येणारं तेच पाणी. 2006 च्या ऑगस्टमध्ये त्या पाण्याने निम्म्याहून अधिक सुरत बुडवलं तेव्हा गावाकडून फोन येत होते की वरती पाऊस थांबत नाही.

आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं, मात्र इथे जमलं नाही. ती शेतावर आणि माहेरावर उभी होती. नांगरटी आटोपलेली, लेकी घरी आलेल्या, लिंबाला झोके, गौराईची गाणी. लिंबायतला झोका बांधायला झाड नव्हतं आणि लूमला आखाजीची सुट्टी नव्हती. पितरांची घागर घरोघरी अजून पूजतात, तेवढंच. जो सण घरात मावला तो तगला. ज्याला शिवार लागत होतं तो नवापूरच्या अलीकडे आलाच नाही.

खाण्याचं तर बरोबर उलटं झालं. कळण्याच्या भाकरीचं पीठ पूर्वी गावाहून यायचं. गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या परतीच्या पिशवीत ज्वारी, अख्खे उडीद आणि काळा मसाला. आता लिंबायतच्या चक्कीवर कळणा मिळतो, मसाल्याची दुकानं आहेत, शेवभाजी आणि वरण-बट्टीच्या पाट्या हॉटेलांवर आहेत आणि तिथे बसलेल्या निम्म्या माणसांची मातृभाषा अहिराणी नसते. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत चव अशीच पसरते, एका ताटातून दुसऱ्या ताटात. आमच्या घरातही सकाळी लोचो आला, खमण आलं, हिवाळ्यात पोंक आला. माय कढी गोड करायला कधीच तयार झाली नाही. माझी मुलगी तीच गोड कढी मागते.

भाषेची गोष्ट अवघड आहे. गावच्या शाळेत अहिराणी बोललं की गुरुजी रागवायचे, प्रमाण मराठी बोला म्हणायचे. सुरतेला आल्यावर त्याच अहिराणीने रूम मिळवून दिली, काम मिळवून दिलं, दवाखान्यात रात्री सोबतीला माणूस मिळवून दिला. मराठ्यांची, कुणब्यांची, लेवा पाटलांची, कोळ्यांची बोलण्याची ढब गावी वेगवेगळी होती. लूमच्या दारात ती एकमेकांत मिसळून एक सुरती-खानदेशी बोली तयार झाली. ती बोलणाऱ्याला आजही मी बसमध्ये पाठमोरा ओळखते.

सुरत महानगरपालिका सात माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते, मराठी त्यातलं एक. गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी ही बाकीची. एखाद्या नगरपालिकेने आपल्या कामगारांच्या पोरांना त्यांच्या भाषेत अक्षरओळख करून द्यावी, ही लहान गोष्ट नाही. माझी पाटी अशाच एका वर्गात सुरू झाली. तेव्हा वर्गात बसायला जागा नसायची. आता आईबाप इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाकडे बघतात, आणि त्यांना दोष देणं मला पटत नाही. ज्या राज्यात नोकरी करायची त्या राज्याची भाषा मुलाला यावी असं वाटणारच. पण मराठी वर्ग ओस पडू लागले तर ते आपल्या डोळ्यांदेखत होतंय एवढं तरी आपण जाणून असलं पाहिजे. अहिराणी वाचली ती शाळेबाहेर. लग्नाच्या वरातीत, यूट्यूबवरच्या गाण्यांत. धुळ्यात तयार झालेलं अहिराणी गाणं संध्याकाळी लिंबायतच्या हळदीत वाजतं आणि गुजराती पोरं त्यावर नाचतात. गावच्या गुरुजींना हे सांगितलं असतं तर पटलं नसतं.

अंतराचा हिशेबच बदलला. तेव्हा गावी जाणं म्हणजे रात्रीची पॅसेंजर, खिडकीतून आत ढकललेलं पोर, उकाई-सोनगढच्या अंधारात चुकलेली झोप, आणि पहाटे नंदुरबारचा चहा. मरणाची तार पोचेपर्यंत तिसरा दिवस उगवायचा. पुष्कळांना आईचं तोंड दिसलं नाही. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगची आवई उठली तेव्हा त्याच गाड्यांच्या टपावर बसून लोक गावी पळाले, आणि गावच्या वेशीवर त्यांच्याकडे संशयाने पाहिलं गेलं. काही आठवड्यांत बहुतेक परतले. आपलं घर नेमकं कुठे आहे, हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं असं आप्पा म्हणत. आज रूळ दुहेरी झाले, कोंडाईबारीच्या घाटरस्त्यावरून मोटारी सुसाट जातात, सकाळी निघालेला माणूस गावचं लग्न लावून रात्री परत येतो.

शहरातलं अंतर मात्र तितकं आटलं नाही. लिंबायतच्या गरनाळ्यात, रुळांखालच्या वाटेत, पावसाचं पाणी भरलं की आम्ही उरलेल्या सुरतेपासून तुटतो, आणि मिठी खाडी चढली की घरात गुडघाभर पाणी. अडाजणच्या माणसाला नंदुरबार माहीत असतं, पण तो लिंबायतला कधी आलेला नसतो. नगरसेवक, आमदार, खासदारांच्या यादीत आता पाटील आहेत. नवसारी मतदारसंघाचे खासदार सी. आर. पाटील मूळ जळगाव जिल्ह्याचे, आणि लिंबायत याच मतदारसंघात येतं. एकेकाळी 'खानदेशी' ही हाक कारखान्याच्या दारात कमी लेखून मारली जायची, त्यामानाने ही वाट मोठी आहे. ती सगळ्यांसाठी सारखी नाही. ज्या बाया घरी बसून साड्यांचे धागे कापतात, खडे चिकटवतात, त्यांची मजुरी अजून नगावरच आहे आणि त्यांचा हिशेब कुठल्याच कारखान्याच्या वहीत नसतो.

उलटा प्रवाहही आता डोळ्यांना दिसतो. आमच्या गावात लग्नाच्या आदल्या रात्री गरबा होतो. सुरतेहून आणलेल्या साड्या आहेरात चढत्या भावाने मोजल्या जातात. गावच्या टपरीवर सेवखमणी मिळते आणि ती विकणारा तरुण लिंबायतला वाढलेला, लूमला कंटाळून परत गेलेला. सुरतेत राबून साठवलेल्या पैशावर गावी पक्की घरं झाली. त्यांतली काही वर्षभर कुलूपबंद असतात.

यंदाच्या पाहणीत सातवीच्या एका मुलीने वहीत झाड काढून आणलं. नेहमीच्या वंशावळीत वर पणजोबा असतात. तिने वर पणजीचं नाव लिहिलं होतं, कारण पणजीच पहिली आली: विधवा, पदरात दोन लेकरं, भावाच्या रूमवर. ती पाळीवाल्यांचे डबे करायची आणि तिच्या डब्यांवर जेवलेल्या माणसांनी पुढे आपापले मेहुणे, भाचे आणले. मुलीने त्या माणसांच्या घरांपर्यंत रेघा ओढल्या होत्या. रेघा गल्लीच्या दोन्ही टोकांना जात होत्या आणि कागद पुरला नव्हता, म्हणून तिने खाली आणखी एक पान चिकटवलं होतं. त्या पानावरची घरं विचारायला तिला अजून वेळ हवा होता. मी तिला दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली आणि वर्गातल्या बाकीच्यांनाही सांगितलं, की यावेळी आजोबांना विचारू नका, आजीला विचारा.